रिकाम्या सभागृहाची चार वर्षे

सेलू आणि सिंदी (रेल्वे) ही वर्धा जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यातली दोन गावे. सेलूला नगरपंचायत आहे, सिंदीला नगरपरिषद. २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ या दोन दिवशी राज्यातल्या शंभराहून अधिक नगरपंचायतींसाठी मतदान झाले. त्यात सेलू होते. समुद्रपूर, आष्टी आणि कारंजाही होते. १९ जानेवारीला निकाल लागला आणि सेलूकरांना त्यांचे नवे नगरसेवक मिळाले. सिंदीची आधीची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली होती, म्हणजे तिथली पाच वर्षांची मुदतही त्याच हिवाळ्यात संपत होती. तिथे मात्र निवडणूक लागली नाही, प्रशासक आले. आणि सिंदीकरांना नगरसेवक निवडायला पुन्हा मतदान केंद्रावर जाता आले ते डिसेंबर २०२५ मध्ये. तालुका एक, जिल्हाधिकारी एक, राज्य निवडणूक आयोग एक, कोरोनाची साथही दोघांना सारखीच. तरीही एका गावात लोकांचे सभागृह भरत राहिले आणि दुसऱ्यात ते जवळपास चार वर्षे रिकामे राहिले. निवडणूक घेणे त्या काळात अशक्यच होते, असे ज्यांना वाटते त्यांनी आधी या दोन गावांकडे पाहावे.

लोकशाहीच्या घसरणीबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बोलणे बहुतेक वेळा दिल्लीभोवती फिरते. संसदेचे कामकाज, राज्यपाल, तपास यंत्रणा, स्वीडनमधल्या व्ही-डेम संस्थेने भारताला दिलेला दर्जा, असे विषय चर्चेत असतात. ते महत्त्वाचे आहेतच. पण घसरण जिथे सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे झाली, ती नगरपरिषद आणि जिल्हा परिषद त्या चर्चेत क्वचितच येते. तुर्कस्तानात २०१६ नंतर कुर्दबहुल शहरांतले निवडून आलेले महापौर हटवून सरकारने तिथे आपले विश्वस्त नेमले, तेव्हा जगभर त्याचा निषेध झाला. महाराष्ट्रात कोणालाही हटवावे लागले नाही. मुदत संपू दिली, नवी निवडणूक लागू दिली नाही, आणि मुंबईपासून सिंदीपर्यंत नगरे नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती आपोआप गेली. ना कोणाला अटक झाली, ना कुठे बंदीहुकूम निघाला. म्हणून कोणी रस्त्यावरही आले नाही. माझे म्हणणे असे की हा अपघात नव्हता आणि एका पक्षाचे कारस्थानही नव्हते. निवडणूक न होणे ज्यांच्या सोयीचे होते अशा अनेकांची सोय एकाच वेळी जुळून आली, आणि ती अडवू शकेल असे कोणी जागेवर उरले नाही.

प्रशासक आल्यावर नेमके काय बदलते, हे जवळून पाहिले पाहिजे. नगरपरिषदेच्या कायद्याप्रमाणे दर दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा व्हावी लागते. तिची विषयपत्रिका सदस्यांना आधी पोचते. प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवला जातो, आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम होते. आपल्या वॉर्डातली नाली कधी उपसणार, नळ एक दिवसाआड का येतो, घरकुलाच्या यादीत अमक्याचे नाव का नाही, स्वच्छतेचे कंत्राट त्याच ठेकेदाराला पुन्हा कसे, हे प्रश्न तिथे विचारले जातात आणि उत्तर देणाऱ्याचे नाव कागदावर येते. प्रशासकाच्या काळात सर्वसाधारण सभेचे, स्थायी समितीचे आणि विषय समित्यांचे सगळे अधिकार एका माणसाकडे जातात. अनेक नगरपरिषदांत तर मुख्याधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे जो अधिकारी टिपणी मांडतो, तोच ती मंजूर करतो आणि तोच अंमलात आणतो. त्याला सूचक लागत नाही, अनुमोदक लागत नाही, आणि विरोध नोंदवायला समोर कोणी नसतेच. मुंबई महापालिकेत २०२३ चे अंदाजपत्रक प्रशासकांनी स्वतःच मांडले आणि स्वतःच मंजूर केले. एवढ्या मोठ्या शहराचे झाले म्हणून त्याची बातमी झाली. लहान नगरपरिषदांची अंदाजपत्रकेही त्याच रीतीने निघाली, त्यांची बातमी झाली नाही. अधिकारी प्रामाणिक होता की नव्हता, हा इथे मुद्दाच नाही. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही जाब विचारणारे कोणी असावे लागते, आणि ती जागाच गेली होती.

राज्यघटनेला हा धोका ठाऊक होता. महाराष्ट्राने १९६१ मध्ये जिल्हा परिषदेचा कायदा केला आणि तो देशात नावाजला गेला. पण त्याच महाराष्ट्रात १९७९ नंतरची जिल्हा परिषद निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. सोयीचे वाटेल तेव्हा निवडणूक घ्यायची, नसेल तेव्हा मुदतवाढ किंवा प्रशासक, ही रीत बहुतेक राज्यांत होती. ती मोडण्यासाठीच ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. नगरपालिकांसाठी अनुच्छेद २४३-यू असे सांगतो की मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सभागृह मध्येच बरखास्त झाले तर सहा महिन्यांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात (किशनसिंग तोमर खटला) हे बंधन किती पक्के आहे ते सांगून ठेवले आहे. साथ, पूर, दंगल अशी खरीखुरी आपत्ती असेल तरच थोडी मोकळीक. प्रभागरचना झाली नाही, आरक्षणाचा घोळ मिटला नाही ही कारणे चालणार नाहीत. इतके स्पष्ट बंधन असूनही चार वर्षे गेली. घटनेचे एक अक्षरही बदलावे लागले नाही, आणि मला हेच सर्वांत गंभीर वाटते.

हे घडले कसे, याची हकिकत किचकट आहे, पण ती टाळता येणार नाही. २०१० मध्ये कृष्णमूर्ती खटल्यात घटनापीठाने सांगितले की स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचे तर त्यांच्या राजकीय मागासलेपणाची माहिती आयोग नेमून गोळा करावी लागेल आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाता कामा नये. त्यानंतर जवळपास दहा वर्षे एकाही सरकारने ती माहिती गोळा केली नाही. सत्तेत आधी काँग्रेस आघाडी होती, नंतर युती, मग महाविकास आघाडी. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कसोटीवर बोट ठेवले आणि आरक्षण अडकले. हा खटलाही विदर्भातल्याच जिल्हा परिषदांतून उभा राहिला होता, आणि शेजारच्या नागपूर जिल्हा परिषदेची २०१७ ची निवडणूक जानेवारी २०२० पर्यंत लांबली होती. धोक्याची घंटा अशी आपल्या दाराशीच वाजत होती. मग मार्च २०२२ आला. विधिमंडळाने कायदे दुरुस्त करून प्रभाग पाडण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढला आणि सरकारकडे घेतला. आयोगाने केलेली रचना रद्द झाली. शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस आणि भाजप हे एरवी एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, पण दोन्ही सभागृहांत हे विधेयक एकमताने मंजूर झाले. ज्या संस्थेने निवडणूक घ्यायची तिच्या हातातून निवडणुकीची पहिली पायरी काढून घेतली, आणि एकही पक्ष विरोधात उभा राहिला नाही.

पुढचे सगळे त्यातूनच आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या रचनेप्रमाणे पुढे जा, असे बजावले. जुलैमध्ये ९२ नगरपरिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला आणि आठवडाभरात मागे घेतला गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, २० जुलैला न्यायालयाने त्याप्रमाणे आरक्षण मान्य केले. आधीच कार्यक्रम सुरू झालेल्या ठिकाणी ते लागू होणार का, यावर नवा वाद उभा राहिला. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने आधीच्या सरकारने वाढवलेली सदस्यसंख्या रद्द करून २०१७ ची रचना परत आणली, तेही कोर्टात गेले. २२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘जैसे थे’ आदेश झाला आणि त्यानंतर तारखांवर तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने बांठिया अहवालाआधीची स्थिती धरून चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले. पुढे सप्टेंबरमध्ये ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. जो उपाय २०२५ मध्ये एका अंतरिम आदेशाने निघाला, तो २०२२ मध्येही निघू शकला असता. घटनेचा शेवटचा पहारेकरी म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो त्या न्यायालयानेही या विलंबात वाटा उचलला, हे आदर राखून पण स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे.

या मधल्या काळात मतदान यंत्रे गंजून पडली नव्हती. वर्ध्यात २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी झाले. सिंदीच्या मतदारांनी आपल्याच गावातल्या मतदान केंद्रांवर खासदार निवडला, आमदार निवडला. नगरसेवक तेवढा निवडता आला नाही. दिल्ली आणि मुंबईच्या खुर्च्या वेळेवर भरल्या, कारण त्या रिकाम्या राहिल्या तर राज्य चालवणाऱ्यांचेच अडते. नगरसेवकाची खुर्ची रिकामी राहिली तर त्यांचे काही अडत नाही, उलट सुटते. गावातल्या रस्त्याचे भूमिपूजन, निधीचे वाटप, कोणत्या वॉर्डात आधी पाइपलाइन, हे निर्णय आमदार, पालकमंत्री आणि मंत्रालयाच्या हातात सरकतात. २०२० मध्ये चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची मुदत संपली तेव्हा पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने प्रशासक नेमा, असा शासन निर्णय निघाला होता. उच्च न्यायालयाने शक्यतो सरकारी अधिकारीच नेमा म्हणून बजावल्याने त्या वाटेला आळा बसला. मुंबईत नगरसेवक नसताना महापालिकेचा निधी आमदारांमार्फत देण्याची वाट निघाली, आणि सत्ताधारी आमदारांना कोट्यवधी मिळत असताना मागणी करूनही विरोधी आमदारांच्या हाती काही लागले नाही, हे एका इंग्रजी वर्तमानपत्राने माहिती अधिकारातून आकड्यांसह मांडले. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम २००१, २००६, २०१६, २०२० आणि २०२२ असा पुन्हा पुन्हा फिरला. स्थानिक संस्था म्हणजे वरच्या राजकारणाची सोय पाहून हलवायचे सामान, ही समजूत सगळ्या पक्षांत मुरलेली आहे. महाराष्ट्र यात एकटा नाही. चेन्नई महापालिकेत २०१६ ते २०२२ नगरसेवक नव्हते, बेंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून तिथेही तीच गत. झेंडे वेगवेगळे आहेत, वागणे सारखे आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आरक्षणाचा आहे. ओबीसींच्या जागा खुल्या करून निवडणुका उरकल्या असत्या तर समाजाच्या निम्म्याच्या आसपास लोकांवर अन्याय झाला असता, आणि तो टाळण्यासाठी थांबणे भाग होते, असे तेव्हा सांगितले गेले. हा आक्षेप खोटा नाही. सेलूत आणि इतर नगरपंचायतींत २०२२ मध्ये तसेच झाले: ओबीसींसाठी राखीव जागा सर्वसाधारण कराव्या लागल्या आणि पाच वर्षांसाठी तो हक्क हुकला. विदर्भात तेली, कुणबी, माळी अशा किती समाजांची राजकीय उमेद या जागांवर उभी आहे हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. पण थांबल्याने काय वाचले, तेही पाहिले पाहिजे. सिंदीत त्या चार वर्षांत ओबीसींना एक जागा मिळाली नाही, अनुसूचित जाती-जमातींना मिळाली नाही, आणि २०११ पासून स्त्रियांना असलेला निम्म्या जागांचा हक्कही तितकाच गोठला. प्रशासकाच्या दालनात आरक्षण नसते. ओबीसींचे प्रतिनिधित्व वाचवायचे तर २०१० नंतर माहिती गोळा करणे हा सरळ मार्ग होता; तो न चालता निवडणूकच बंद ठेवणे म्हणजे सगळ्यांचे प्रतिनिधित्व एकदम काढून घेणे. १० मे २०२२ रोजी मध्य प्रदेशच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले होते की आरक्षणाची कसोटी पूर्ण नसेल तरी निवडणूक थांबू शकत नाही.

दुसरा आक्षेप चौकात, पानठेल्यावर अधिक ऐकू येतो. नगरसेवक तरी काय करतात, ठेके वाटून घेतात, टक्केवारी खातात. त्यापेक्षा अधिकारी बरा, निदान शिकलेला असतो, काम तरी होते. नगरपालिकांचा कारभार पाहिलेल्या कोणालाही यातला संताप समजेल, आणि नगरसेवकांची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. पण भ्रष्टाचार एका नगरसेवकाच्या खिशात राहत नाही. तो निविदेत राहतो, मोजमाप पुस्तिकेत राहतो, बिलाच्या फाइलीत राहतो. प्रशासक आल्याने ठेकेदार गेला नाही, निविदा थांबली नाही, अभियंता बदलला नाही. गेला तो फक्त विरोधी बाकावरचा सदस्य, जो ठेक्यात वाटा मिळाला नाही म्हणून का होईना, पण सभेत उठून प्रश्न विचारत होता. वॉर्डाचा मेंबर नालायक निघाला तर लोक त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावू शकतात आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवू शकतात. मुख्याधिकाऱ्याची बदली मंत्रालयात ठरते. त्याची मर्जी सांभाळण्याची दिशा वरची असते, खालची नसते. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने निवडून आलेले सभागृह नसलेल्या संस्थांना अनुदान न देण्याची अट घातली होती. म्हणजे लोकप्रतिनिधी नसल्याचा भुर्दंड पुन्हा त्या गावानेच भरायचा. चांगला कारभार हवा तर क्षेत्रसभेसारख्या तरतुदी आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्येच मतदारांच्या क्षेत्रसभा भरवण्याचा कायदा केला आहे. तो बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. त्याची अंमलबजावणी मागण्याऐवजी मतदानच गेले तरी चालेल असे म्हणणे, हा लोकांच्या मनातला पराभव आहे, आणि त्या पराभवाची जबाबदारी नगरसेवकांवर आणि त्यांना तिकीट देणाऱ्या पक्षांवर आहे.

तिसरा आक्षेप आता ऐकू येतो: झाले ते झाले, निवडणुका पार पडल्या, मग उगाळायचे कशाला? डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २८८ नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या हे खरे. पण त्या कशा झाल्या तेही आठवावे. काही ठिकाणचे मतदान ऐनवेळी २ डिसेंबरवरून २० डिसेंबरवर गेले, आणि बाकीच्या ठिकाणी मत दिलेल्या लोकांनाही निकालासाठी २१ तारखेपर्यंत वाट पाहावी लागली. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत साठहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदारांना इतक्या वर्षांनी आलेल्या निवडणुकीतही त्या जागेसाठी मत देता आले नाही. वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२६ मध्ये ज्या बारा जिल्हा परिषदांचे मतदान झाले त्यांत विदर्भातली एकही नव्हती. सिंदीच्या वेशीबाहेरची खेडी, त्यांच्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, पांदण रस्ते यांच्यासाठी प्रशासकाचा काळ नगरपरिषदेपेक्षाही लांबला. आणि २०२२ मध्ये ज्या वाटेने हे सगळे घडले ती वाट एकाही दुरुस्तीने बंद केलेली नाही. पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिचे आकडे आले की प्रभाग नव्याने पाडावे लागतील, आरक्षणाचे गणित पुन्हा मांडावे लागेल, आणि तेव्हा या चार वर्षांचा दाखला कोणत्याही सरकारच्या हाताशी असेल.

म्हणून काही गोष्टी आताच कायद्यात यायला हव्यात. प्रभागरचना पुन्हा निवडणूक आयोगाकडे द्यावी आणि मुदत संपण्याच्या वर्षभर आधी ती अंतिम व्हावी. तिथपर्यंत नवी झाली नसेल तर जुनीच आपोआप लागू व्हावी. प्रशासकाचा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि तोवर त्याला नैमित्तिक कामांपलीकडे नवी करवाढ, मोठे ठेके, जमिनीचे व्यवहार करता येऊ नयेत. त्याची प्रत्येक बैठक लोकांसमोर व्हावी. हे मुंबईतल्या विधिमंडळाने करायचे काम आहे आणि मार्च २०२२ चा अनुभव पाहता ते आपणहून होईल असे मला वाटत नाही. पण एक काम सिंदीच्या नव्या सभागृहाला कोणाची परवानगी न घेता करता येईल. २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून डिसेंबर २०२५ पर्यंत प्रशासकांनी केलेला प्रत्येक ठराव, प्रत्येक ठेका, दरपत्रकासह आणि झालेल्या खर्चासह, एका विशेष सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. ती सभा नागरिकांसाठी खुली ठेवावी, ठराव एकेक करून वाचावा, आणि ज्या नगरसेवकाला जिथे शंका असेल तिथे ती त्याच्या नावासह इतिवृत्तात नोंदवावी. तसे झाले तर त्या चार वर्षांत कोणी विचारू न शकलेले प्रश्न निदान आता विचारले जातील, आणि मोठ्या नगरपरिषदांनाही तेच करायला सांगता येईल.